अनेक गावांची एक मागणी : संयुक्त कृती समितीची उभारणी व नेतृत्व

कालव्याच्या टोकाकडील गावाला पाणीपाळी मिळाली नाही, म्हणजे गावातील चार मंडळी एकत्र येतात, अर्ज लिहितात, पाटबंधारे शाखेत नेऊन देतात आणि पोच घेऊन परततात. त्याच आठवड्यात शेजारचे गावही अर्ज देते. परंतु त्यातील मागणी निराळी असते. पहिल्या गावाला पाळी लवकर हवी असते, दुसऱ्याला ती लांबवून हवी असते, तिसऱ्याला चारीची दुरुस्ती आधी हवी असते. कार्यालयापुढे तीन अर्ज येतात, आणि ते एकमेकांस छेद देणारे असल्यामुळे कशावरच निर्णय होत नाही. हंगाम मात्र कोणासाठी थांबत नाही. हरभरा पाण्यावाचून करपतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच तीन अर्ज जातात.

जो प्रश्न एका गावाचा नसून खोऱ्याचा, कालव्याचा किंवा तालुक्याचा आहे, तो एका गावाच्या अर्जाने सुटत नाही. अशा प्रश्नासाठी अनेक गावांनी, संस्थांनी व निरनिराळ्या हितसंबंधांच्या लोकांनी मिळून एक मागणी ठरवावी लागते आणि ती तडीस जाईपर्यंत एकत्र राहावे लागते. अशा मंडळास आपल्याकडे ‘कृती समिती’ किंवा ‘संघर्ष समिती’ म्हणतात. नावापेक्षा काम महत्त्वाचे होय. हे काम कसे करावयाचे, याचा विचार या पाठात केला आहे.

मराठवाड्याचा पूर्वानुभव

हा विषय मराठवाड्यास नवा नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. त्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी व तीन कानडी भाषकांचे होते. या तिन्ही विभागांतील लोकांनी आपापल्या भाषेत काम करणाऱ्या परिषदा उभारल्या. आंध्र महासभा, कर्नाटक परिषद आणि महाराष्ट्र परिषद या त्या होत. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे झाले. तिन्ही परिषदांची भाषा निराळी, शेतीचे प्रश्न निराळे, कार्यकर्ते निराळे. परंतु जबाबदार राज्यपद्धतीची मागणी मात्र सर्वांची एक होती. या एका मागणीवर १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी राहिली.

तिच्या पहिल्याच वर्षी जो प्रसंग आला, तो आजच्या कार्यकर्त्यानेही अभ्यासावा असा आहे. ही संस्था जातीय स्वरूपाची आहे, असा आरोप ठेवून संस्थान सरकारने तिच्यावर बंदी घातली. संस्थेने सत्याग्रह सुरू केला. त्याच सुमारास आर्य समाज व हिंदू महासभा यांचेही स्वतंत्र सत्याग्रह चालू होते. लोकांच्या दृष्टीने तिन्ही एकच वाटू लागले आणि राजकीय हक्कांची मूळ मागणी झाकोळली गेली. तेव्हा स्टेट काँग्रेसने १९३८ च्या डिसेंबरात आपला सत्याग्रह स्थगित केला. माघार घेतली म्हणून अनेकांना वाईट वाटले. परंतु मागणीचे स्वरूप स्वच्छ राहिले. १९४६ मध्ये बंदी उठली आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली तीच संस्था पुढील लढ्याचे केंद्र बनली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले.

पुढे ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष व शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एरवी एकमेकांशी न पटणारे पक्ष तीत एकत्र आले. भाषिक राज्य ही एकच मागणी त्यांना बांधून ठेवीत होती. १ मे १९६० रोजी राज्य झाले आणि त्यानंतर घटक पक्ष आपापल्या मार्गाने गेले. कित्येकांना हे समितीचे अपयश वाटते. ते तसे नाही. संयुक्त समिती हे एका कामासाठी घातलेले इर्जिक होय. रान नांगरून झाल्यावर प्रत्येकाने आपले बैल सोडून घरी न्यावेत, यात वावगे काही नाही.

बाभळी बंधारा : आकड्यांचा धडा

नांदेड जिल्ह्याच्या धर्माबाद तालुक्यातील बाभळी येथील गोदावरीवरचा बंधारा हे अलीकडचे आणि जवळचे उदाहरण होय. हा बंधारा महाराष्ट्राच्या हद्दीत असला, तरी खाली असलेल्या श्रीरामसागर (पोचमपाड) धरणाच्या फुगवट्याचे पाणी त्याच्या जागेपर्यंत पोहोचते. त्यामुळे आपले पाणी अडविले जाईल, अशी खालच्या राज्यातील शेतकऱ्यांची धास्ती होती. आंध्र प्रदेश शासनाने २००६ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २००७ मध्ये न्यायालयाने बांधकाम चालू ठेवण्यास परवानगी दिली, परंतु दरवाजे बसविण्यास मनाई केली. बंधारा उभा आणि दरवाजे नाहीत, अशा स्थितीत कित्येक हंगाम गेले.

२८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. त्याचा आधार भावनेचा नव्हता, कागदाचा होता. ६ ऑक्टोबर १९७५ रोजी दोन्ही राज्यांत झालेल्या करारानुसार पैठण, पूर्णेवरील सिद्धेश्वर व मांजरेवरील निजामसागर यांच्या खाली पोचमपाडपर्यंतच्या भागात महाराष्ट्राला नव्या प्रकल्पांसाठी ६० टी.एम.सी. पाणी वापरण्याची मुभा होती. बाभळीचा साठा २.७४ टी.एम.सी. इतकाच आहे. न्यायालयाने बंधारा मान्य केला, परंतु अटी घातल्या. १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात दरवाजे उघडे ठेवावयाचे, साठा २.७४ टी.एम.सी.हून वाढवावयाचा नाही. दरवर्षी १ मार्च रोजी ०.६ टी.एम.सी. पाणी खाली सोडावयाचे. देखरेखीसाठी केंद्रीय जल आयोगाचा एक व दोन्ही राज्यांचा प्रत्येकी एक अशी त्रिसदस्य समितीही नेमली.

आता हे आकडे शेतकऱ्याच्या भाषेत मांडून पाहावेत. एक टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजेच सुमारे २ कोटी ८३ लक्ष घनमीटर पाणी. त्या हिशेबाने २.७४ टी.एम.सी. म्हणजे सुमारे ७ कोटी ७६ लक्ष घनमीटर. एका हेक्टरावर एक मीटर खोलीचे पाणी द्यावयाचे, तर १० हजार घनमीटर लागते. म्हणजे बाष्पीभवन व गळती सोडून दिली, तर पूर्ण साठ्यातून अदमासे ७,७६० हेक्टरांना तेवढे पाणी देता येईल. १ मार्चला सोडावयाचे ०.६ टी.एम.सी. म्हणजे याच मापाने सुमारे १,७०० हेक्टरांचे पाणी होय.

यावरून मागणीचा खरा मर्मबिंदू कोठे आहे, हे ध्यानात येते. साठ्याचा आकडा कागदावर मोठा आहे. परंतु पावसाळ्यातील प्रवाह दरवाजांखालून निघून जातो आणि बंधारा भरणे २९ ऑक्टोबरनंतर नदीत जो प्रवाह उरेल त्यावर अवलंबून राहते. ज्या वर्षी पाऊस लवकर उघडतो, त्या वर्षी दरवाजे बंद करूनही अडविण्यास फारसे पाणी नसते. तेव्हा ‘बाभळीचे पाणी द्या’ अशी घोषणा पुरेशी नाही. कोणत्या तारखेस नदीत किती प्रवाह होता, दरवाजे बंद झाल्यावर साठा किती झाला, मार्चनंतर किती उरला, किती मोटारी चालल्या व किती रब्बी भिजली, याची गावोगावची नोंद ज्या समितीजवळ असेल, तिचेच म्हणणे त्रिसदस्य समितीपुढे नेण्याजोगे ठरेल.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. नदीच्या खाली राहणारा निजामाबादकडील शेतकरी हाही शेतकरीच आहे. त्याची धास्ती काय आहे, हे ज्या समितीला सांगता येत नाही, तिला आपली बाजूही नीट मांडता येत नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे लिहून काढणे हा तयारीचा भाग होय.

लातूरचा अनुभव : तातडीची मदत आणि कायमची मागणी

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले. लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी व भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. १२ एप्रिल रोजी मिरजेहून निघालेली पहिली पाणीगाडी दहा टाक्यांतून सुमारे ५ लक्ष लिटर पाणी घेऊन लातुरात पोहोचली. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या येऊ लागल्या. ज्या मार्गाने हे पाणी आले, तो पूर्वी बार्शी लाईट रेल्वेचा अरुंद मार्ग होता. तो रुंद झालेला नसता, तर एवढ्या मोठ्या गाड्या येणे शक्य नव्हते. मार्गाचे रुंदीकरण व्हावे, ही मागणी करणाऱ्यांच्या मनात पाणीगाडी नव्हती. तरी त्या मागणीचे फळ अडचणीच्या वेळी कामास आले.

गाडी आली म्हणून लातूरचा पाणीप्रश्न सुटला, असे मात्र कोणी म्हणणार नाही. तातडीची मदत आणि कायमची मागणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. टँकर आला, अनुदान जमा झाले, पंचनामे झाले, की लोक घरी जातात आणि समिती विरते. दुष्काळ मात्र पुन्हा येतो. म्हणून समितीने पहिल्याच बैठकीत दोन वह्या कराव्यात. एकीत ‘आत्ता काय हवे’ ते लिहावे. दुसरीत ‘पुन्हा ही पाळी येऊ नये म्हणून काय हवे’ ते लिहावे. पहिली वही उन्हाळ्यात संपेल. दुसरी वही पाऊस पडू लागल्यावर उघडावयाची असते, आणि समितीची कसोटी तेव्हाच लागते.

लातूरच्या प्रश्नाला शहर व खेडे अशा दोन बाजू आहेत. शहराला पिण्यास पाणी हवे. खेड्याला ऊस, सोयाबीन, तूर व जनावरे जगवावयाची आहेत. दोघे एकमेकांकडे बोट दाखवू लागले, तर धरणातील थेंब वाढत नाही. शहरातील व्यापारी, डॉक्टर व शिक्षक आणि खेड्यातील शेतकरी हे एका बैठकीत बसून पाण्याचा ताळेबंद मांडतील, तेव्हाच दोघांना पेलेल अशी मागणी निघेल.

उभारणीच्या पायऱ्या

१. प्रश्न नेमका करावा. ‘आमच्यावर अन्याय होतो’ हा प्रश्न नव्हे. ती भावना होय. ‘अमुक चारीच्या टोकाकडील पाच गावांना गेल्या तीन रब्बी हंगामांत मंजूर पाळ्यांपैकी किती मिळाल्या’ हा प्रश्न होय.

२. पुरावा गोळा करावा. सात नंबरचे पाणीमागणी अर्ज, पाणीपट्टीच्या पावत्या, पाळीच्या तारखा, विहिरींची पातळी, पिकाचे उत्पन्न ही नोंद एका नमुन्यात सर्व गावांनी ठेवावी. जे कागद कार्यालयात आहेत, ते माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली मागावेत. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर सर्वसाधारणपणे १५० शब्दांपर्यंत असावा. माहिती ३० दिवसांत मिळावयास पाहिजे. न मिळाल्यास अपील करावे.

३. निर्णय कोणाच्या हाती आहे, ते शोधावे. शाखा अभियंत्याला जे करता येते ते मंत्र्यांकडे मागू नये, आणि जे दोन राज्यांत ठरावयाचे ते शाखा अभियंत्याकडे मागू नये. अर्ज चुकीच्या दारी गेला, तर हंगाम वाया जातो.

४. कोणाकोणाचा संबंध येतो, त्यांची यादी करावी. चारीच्या तोंडाकडील व टोकाकडील बागाईतदार, कोरडवाहू शेतकरी, भूमिहीन मजूर, मच्छीमार, ग्रामपंचायती, पाणीवापर संस्था, सहकारी सोसायट्या, बचतगट ही सर्व नावे यादीत यावीत. जो आज विरोधात आहे, त्याचेही नाव लिहावे व तो का विरोधात आहे हे समोर मांडावे.

५. किमान मागणी ठरवावी. सर्वांचे सर्व प्रश्न एका निवेदनात भरू नयेत. वीस कलमांचे निवेदन वाचले जात नाही, आणि त्यातील सर्वांत सोपे कलम मान्य करून बाकीची बाजूस ठेवणे सोपे जाते. ज्या एका किंवा दोन गोष्टींवर सर्वांचे एकमत आहे, त्याच मांडाव्यात. इतर बाबतीत प्रत्येकास आपले मत ठेवण्याची मोकळीक द्यावी.

६. ठराव ग्रामसभेत करावा. चार पुढाऱ्यांच्या सह्यांच्या निवेदनापेक्षा पंधरा गावांच्या ग्रामसभांनी एकाच शब्दांत केलेल्या ठरावाचे वजन अधिक असते. ठरावाचा मसुदा एकच असावा. गावोगाव शब्द बदलले, म्हणजे मागणीही बदलते.

७. कायद्याने दिलेले साधन आधी वापरावे. सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याबाबतचा महाराष्ट्राचा कायदा २००५ साली झाला. त्यात पाणीवापर संस्थेला पाणी मोजून देण्याची तरतूद आहे. जेथे संस्था नाही, तेथे मोजमाप नाही; आणि जेथे मोजमाप नाही, तेथे टोकाच्या शेतकऱ्याची तक्रार सिद्ध होत नाही.

नेतृत्व कसे असावे

संयुक्त समितीचा निमंत्रक हा हुकूम देणारा नसतो. गावे त्याची नोकर नाहीत. त्यांना वाटेल त्या दिवशी ती बाहेर पडू शकतात. म्हणून त्याचे पहिले काम ऐकण्याचे होय. बैठक दर वेळी निरनिराळ्या गावी घ्यावी. एकाच वाड्यावर बैठका होऊ लागल्या, की समिती त्या वाड्याची होते. इतिवृत्त त्याच दिवशी लिहून वाचून दाखवावे. वर्गणी कितीही थोडी असो, तिचा हिशेब चावडीवर लावावा. बहुतेक समित्या विरोधकांमुळे मोडत नाहीत. हिशेब न दाखविल्यामुळे मोडतात.

अधिकाऱ्यांशी बोलावयास जाणारे शिष्टमंडळ तीन ते पाच जणांचे असावे व त्यात टोकाच्या गावचा एक माणूस अवश्य असावा. काय मान्य करावयाचे व कोठे थांबावयाचे, हे आधी ठरवून जावे. शिष्टमंडळाला दालनात नवी तडजोड करण्याचा अधिकार नसावा. ती गावांपुढे आणावी. फूट पडते ती बहुधा येथेच. तोंडाकडील गावांना एक जादा पाळी मिळते, ती गावे गप्प बसतात आणि टोकाची गावे एकटी पडतात. ‘सर्वांना मिळेपर्यंत कोणी उठणार नाही’ हा नियम पहिल्या दिवशी लिहून ठेवावा. भांडण झाल्यावर तो लिहिता येत नाही.

स्त्रियांना केवळ मोर्चात पुढे उभे करून भागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचे काम निघाले, तेव्हा ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिलांची ‘संवाद सहायक’ म्हणून योजना करण्यात आली. घर कसे बांधावे, अनुदान किती व कोणत्या टप्प्यात मिळते, हे त्या कुटुंबांना समजावून सांगत आणि लोकांच्या अडचणी शासनापर्यंत नेत. घरात पाणी कोण आणते, कोणत्या महिन्यात किती लांबून आणते, याची खरी माहिती त्यांच्याजवळच असते. ती वहीत आली नाही, तर पुरावा अर्धाच राहतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याची मर्यादा

शासनाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या सेवकास वर्तणूक नियम लागू असतात. त्याने समितीचा पदाधिकारी होऊ नये, राजकीय व्यासपीठावर जाऊ नये, निवेदनावर सही करू नये. परंतु याचा अर्थ त्याने हात झाडून मोकळे व्हावे, असा नाही. नियम व परिपत्रके समजावून देणे, नोंदीचा नमुना आखून देणे, पाण्याचा हिशेब शिकविणे, कोणत्या कार्यालयाचे काम कोणते हे सांगणे, आणि गावाची खरी परिस्थिती आपल्या वरिष्ठांस लेखी कळविणे, हे त्याचे कर्तव्यच आहे. लोकांची मागणी कार्यालयाच्या गैरसोयीची आहे म्हणून अहवालात ती सौम्य करून लिहिणे, हे मात्र कर्तव्यात बसत नाही. वरिष्ठांचा निर्णय तळच्या अहवालावर उभा असतो. तो अहवाल खोटा असेल, तर निर्णयही पोकळ राहतो.

चर्चामंडळासाठी प्रश्न व अभ्यास

१. आपल्या गावाचा असा कोणता प्रश्न आहे, जो शेजारच्या चार गावांचाही आहे? तो एका वाक्यात लिहा.

२. त्या वाक्यातील कोणता भाग आज कागदाने सिद्ध करता येईल व कोणता येणार नाही?

३. आपल्या गावाजवळच्या तलावाचा किंवा बंधाऱ्याचा साठा घनमीटरमध्ये काढा. वर दिलेल्या हिशेबाने त्यातून किती हेक्टरांना एक मीटर खोलीचे पाणी मिळेल? प्रत्यक्षात किती क्षेत्र भिजते?

४. आपल्या मागणीला विरोध करणाऱ्या गावाचे म्हणणे त्याच गावच्या माणसाला मान्य होईल अशा शब्दांत लिहा, आणि ते त्याला वाचून दाखवा.

५. मागणी मान्य झाल्यावर तिच्या अंमलबजावणीची नोंद कोण ठेवील? त्याचे नाव आजच ठरवा.